कवळी सैल की तोंड कोरडे?

नवी कवळी बसवून महिना होत नाही तोच आजोबा ती रुमालात गुंडाळून दवाखान्यात परत येतात. बोलताना निसटते, जेवताना टोचते. दंतवैद्य घासून देतात. चार दिवसांनी तक्रार पुन्हा तीच. दोष कवळी करणाऱ्याच्या माथी जातो. कधी तो खराही असतो; पण तोंडात लाळ किती आहे, हे फार क्वचित पाहिले जाते.

वरची कवळी टाळूला धरून राहते ती मुख्यतः लाळेच्या पातळ थरामुळे. काचेचे दोन ओले तुकडे एकमेकांवर ठेवले की सरळ ओढून सुटत नाहीत, तसेच हे. कोरडे तुकडे सहज सुटतात. खालच्या कवळीला टाळूएवढा रुंद आधार नाही, शिवाय जीभ तिला सारखी ढकलते. म्हणून ती आधी हलते. लाळ वंगणही आहे. ती आटली की भाकरीच्या प्रत्येक घासाला कवळी हिरडीवर घासते, जखमा होतात, बुरशीचा संसर्ग होतो. मग माणूस कवळी डबीत ठेवतो आणि मऊ भातावर दिवस काढू लागतो. (नवी कवळी घातल्यावर सुरुवातीला तोंडाला उलट जास्तच पाणी सुटते, काही दिवसांत ते ओसरते.)

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती कमी झाली की ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. पण कारण पुष्कळदा औषधांच्या डब्यात सापडते: लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्यावरची आणि ॲलर्जीची काही औषधे, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली गोळी. आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा डोके-मानेवर घेतलेले किरणोपचार हीही कारणे असतात. गोळ्या लिहून देणारा तोंडात डोकावत नाही आणि दात पाहणारा गोळ्या विचारत नाही. त्रास मात्र रुग्णाला.

म्हणून दंतवैद्याकडे जाताना कवळीबरोबर औषधांची चिठ्ठीही न्यावी. गोळी मनाने बंद करू नये. ती बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. तोवर घोट घोट पाणी प्यावे, कवळी ओली करून घालावी, रात्री काढून स्वच्छ करून साध्या पाण्यात ठेवावी. कृत्रिम लाळेचे फवारे आणि जेलही मिळतात. एवढे करूनही कवळी हललीच, तर मग ती पुन्हा घासायला किंवा नवी करायला हरकत नाही.