एक अंडे, ग्लासभर दूध आणि अर्धा खाडा

मजूर बाईचे मूल हडकुळे निघाले की दोष तिच्या अडाणीपणावर ढकलायचा, ही सरकारी खात्यांची जुनी खोड आहे. पालेभाजी खा म्हणून भित्तिपत्रके लावायची, आणि भाजीला पैसे व खायला उसंत कुठून आणायची हा सवाल मात्र गिळून टाकायचा!

बंगळुरूची इलेक्ट्रॉनिक सिटी पाहा. 1978 साली केओनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या 332 एकरांवर ती उभी केली. आज तिथे काचेचे इमले आहेत, 2025 पासून मेट्रोही आहे. त्या भागात बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाया रायचूर, यादगीरकडून आपल्याच गाड्यांच्या जनरल डब्यातून येतात आणि पत्र्याच्या खोपटात राहतात.

ऑक्टोबर 2017 मध्ये कर्नाटक सरकारने मातृपूर्ण योजना राज्यभर सुरू केली. गरोदर व बाळंतीण बाईला महिन्यातले 25 दिवस गरम जेवण, अंडे, 200 मिलिलिटर दूध, शेंगदाण्याची चिक्की. योजना चांगली, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण अट अशी की अंगणवाडीत येऊनच जेवायचे. बाई चौथ्या मजल्यावर घमेले घेऊन उभी. मुकादम तिला दुपारी तासभर सोडील? सोडलेच तर अर्धा खाडा मांडील. एका अंड्यापायी अर्धा रोज बुडवा, असा हा हिशेब!

आणि अन्न ही अर्धीच गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर बायांचा अभ्यास केला. पालेभाजी, फळे, दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची मुले जन्मतः भरलेली निघाली. पण शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या आयांची मुले वजनाने कमी भरली. म्हणजे विश्रांती हाही आहारच. अडीच किलोच्या आत जन्मलेले पोर आजाराला लवकर बळी पडते. मुकादमाच्या वहीत त्याची नोंद कुठे होते?

1928 साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे म्हणून. 1929 साली कायदा झाला. 2017 मध्ये भरपगारी रजा 26 आठवड्यांवर गेली. पण तिच्यासाठी आधीच्या वर्षभरात 80 दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. ठेकेदार बदलला की हजेरी कोऱ्या पानावर! 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान 6000 रुपये कबूल केले. 2017 च्या मातृवंदना योजनेने हातावर ठेवले 5000, तेही पहिल्याच अपत्याला. पुढे दुसऱ्या खेपेला सोय झाली, पण मुलगी झाली तरच.

बंधूंनो, केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आपल्या भगिनींना 2008 पासून 180 दिवसांची रजा आहे. पण त्याच यार्डात ठेक्यावर डबे धुणारी बाई? ती सातव्या महिन्यातही बादली उचलते आणि आपण शेजारून जातो. तेव्हा शाखेच्या मागणीपत्रात हे घाला: गरोदर ठेका कामगारणीला हलके काम, कामाच्या जागी जेवण, जेवणाच्या वेळेचा पूर्ण पगार, आणि ठेकेदार बदलला तरी हजेरी सलग.