आधार नसलेल्यांचा आजार

“ब्रह्मदेश बौद्धांचा देश आहे. त्यांनी रोहिंग्यांना हाकलले तर आपण कशाला रडायचे?” आमच्याच एका धम्मबांधवाने गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीत असे विचारले आणि सगळे गप्प बसले. विचारणाऱ्यापेक्षा ते गप्प बसणे मला जास्त खटकले.

ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या राखाइनमधून बांगलादेशात पळाले. विराथूसारखे भिक्खू त्याआधीपासून मुसलमानांविरुद्ध आग ओकत होते. अंगावर चीवर असले म्हणजे धम्म अंगी येतो, असे आहे का? रोज पंचशील म्हणणाऱ्यांना हे सांगावे लागते!

याच समाजाचे काही लोक दिल्लीत कालिंदी कुंजजवळ ताडपत्री-बांबूच्या झोपड्यांत राहतात. ही वस्ती एप्रिल 2018 मध्ये जळाली, जून 2021 मध्ये पुन्हा जळाली. पाणी खराब, संडास अपुरे, मग जुलाब आणि खरूज ठरलेलीच. औषध साधे असते, पण दवाखान्याच्या खिडकीवर आधार कार्ड मागतात. संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित कार्ड चालेल की नाही, हे खिडकीतल्या माणसाच्या मर्जीवर. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईने या मर्जीची वाट बघायची?

कायदा नाही, पण संविधान आहे. कलम 21 मध्ये ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ आहे. याच कलमाच्या बळावर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना संरक्षण दिले. चकमा बौद्ध आहेत. तो निकाल आपल्याला गोड लागला, मग तेच कलम रोहिंग्यांना कडू का?

आणि बाबासाहेब? डिसेंबर 1947 मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहून तक्रार केली होती, की निर्वासित छावण्यांतले अधिकारी अस्पृश्य निर्वासितांशी भेदभाव करतात, त्यामुळे ते छावणीत राहत नाहीत आणि छावणीबाहेर राहिले म्हणून त्यांना मदत मिळत नाही. आपली माणसे त्या खिडकीबाहेर उभी राहिलेली आहेत.

“आधी आपल्या झोपडपट्ट्यांचे बघा,” असेही कुणी म्हणेल. बघतोच आहोत. तिथेही हेच आजार आहेत, आणि कागद नाही म्हणून परत पाठवलेली माणसेही आहेत.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे: सरकारी दवाखान्यात उपचारासाठी कुणाकडेही आधार मागू नये. त्या बांधवानेही यावे. हात कोण वर करतो, ते बघू.