पोलीसप्रमुख, प्रजासभा आणि मुस्कटदाबी

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने राजभवनात जावे किंवा लोकसभेची उमेदवारी घ्यावी, याचे राजधानीत आता कुणाला नवल वाटत नाही. बंदोबस्ताची सवय जडलेला माणूस राज्यकारभार कसा करील, हा प्रश्न मात्र जुना आहे. त्याचे एक बोलके उत्तर तंजावरच्या मराठी समाजाच्या इतिहासात सापडते.

व्यंकोजीराजांचे राज्य १८५५ मध्ये वारसाअभावी संपुष्टात आले. दरबार मोडला तेव्हा तेथील मराठी घराण्यांनी इंग्रजी विद्येची कास धरली आणि दक्षिणेतील संस्थानांना कारभारी पुरविले. सर टी. माधवराव सर्वश्रुत आहेत. त्यांच्याच कुंभकोणमात १८५० मध्ये जन्मलेले विश्वनाथ पाटणकर माधवराव मात्र विस्मृतीत गेले. म्हैसूरच्या सेवेत चढत चढत ते त्या संस्थानचे पोलीस महानिरीक्षक झाले. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरला, तेव्हा प्लेग आयुक्तपद त्यांच्याकडेच आले. आदल्याच वर्षी पुण्यात रँडशाहीचा शेवट कसा झाला, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. प्लेगचा बंदोबस्त ही त्या काळी कोणत्याही अधिकाऱ्याची सत्त्वपरीक्षाच होती.

पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. १९०४ मध्ये त्रावणकोरात त्यांच्या कारकिर्दीत श्रीमूलम् प्रजासभा भरली आणि रयतेच्या प्रतिनिधींना दरबारापुढे गाऱ्हाणी मांडता येऊ लागली. १९०७ मध्ये म्हैसुरात कायदेमंडळ आले. पण पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याच दिवाणांच्या काळात वृत्तपत्रांचा कायदा झाला आणि सरकारी परवान्याविना पत्र काढणे अशक्य झाले. गाऱ्हाणे सभेत मांडावे, छापू मात्र नये, असा हा न्याय होता. १९१९ मध्ये हेच माधवराव काँग्रेसच्या शिष्टमंडळातून लंडनला गेले आणि भारतीय सुधारणांविषयी संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांचीही तेथे साक्ष झाली.

हा विरोधाभास एका व्यक्तीच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता येणार नाही. माधवरावांनी उभारलेल्या सभांना दिवाणास जाब विचारण्याचे सामर्थ्य नव्हते. त्यामुळे दार उघडणे आणि दार लावणे, दोन्ही गोष्टी दिवाणाच्याच मर्जीवर राहिल्या.

आजचे पोलीसप्रमुख उलट टोकाला उभे आहेत. मर्जी त्यांची नसते, त्यांच्यावर ती दुसऱ्यांची असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीसप्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि राज्य सुरक्षा आयोग सांगितला. २०१८ मध्ये प्रभारी प्रमुख नेमण्यासही मनाई केली. तरीही २०२५ मध्ये शंकर जिवाल निवृत्त झाले, तेव्हा तामिळनाडूने प्रभारी पोलीसप्रमुखावरच भागविले. हा दोष एका राज्याचा वा एका पक्षाचा नाही. प्रभारी अधिकाऱ्याला पदावर राहण्यासाठी रोज कुणाची तरी मर्जी राखावी लागते, आणि त्याची किंमत ठाण्यात तक्रार घेऊन जाणारा नागरिक मोजतो.

अधिकारी कर्तबगार असावा, हे खरेच. परंतु त्याला जाब विचारणारी आणि वेळप्रसंगी त्याच्या पाठीशी उभी राहणारी संस्था नसेल, तर कर्तबगारीचे फळ सत्तेच्या पदरात पडते, प्रजेच्या नाही. म्हैसूरच्या त्या पोलीसप्रमुखाच्या कारकिर्दीचा धडा एवढाच आहे. तो शिकण्याची तयारी राज्यांनी आणि संसदेने आता तरी दाखवावी.