‘सेव्ह’ केलं, तरी फाइल का जाते?

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवते? कळवा-पडघा वीजवाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई-ठाणे अंधारात गेलं, लोकल जागीच थांबल्या. अशा वेळी यूपीएस नसलेल्या संगणकावर नुकतीच ‘सेव्ह’ केलेली फाइलही जाऊ शकते. असं का होतं?

‘सेव्ह’ दाबल्यावर फाइल लगेच डिस्कवर जातेच असं नाही. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, बदल आधी रॅममध्ये ठेवतो. या बदललेल्या भागांना ‘डर्टी पेज’ म्हणतात. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार कर्नल दर ५ सेकंदांनी पाहणी करतो आणि ३० सेकंदांहून जुने बदल डिस्कवर पाठवतो. यामुळे काम झटपट होतं. पण मधेच वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं.

त्यावर उपाय ‘एफसिंक’: आत्ताच डिस्कवर लिही, असा कर्नलला आदेश. पण २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरना यातही खोट सापडली. लिहिणं फसलं की लिनक्स एकदाच चूक कळवायचा. पुन्हा विचारलं तर ‘सगळं ठीक’! आता अशी चूक आली की पोस्टग्रेस स्वतःच थांबतो आणि आपल्या नोंदवहीतून डेटा पुन्हा उभा करतो.

माझ्या मते बिलिंग सॉफ्टवेअरनेही हाच प्रामाणिकपणा दाखवावा. डिस्कवर लिहिल्याची खात्री झाल्याशिवाय ‘सेव्ह झालं’ म्हणू नये.

आणि तुम्ही? डोंबिवली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कितीही घाई असली, तरी ‘इजेक्ट’ केल्याशिवाय पेन ड्राइव्ह ओढू नका.