कार्ड एक, कामं किती?

मैत्रिणींनो, कपाटाच्या चोरकप्प्यात दागिन्यांच्या डब्याशेजारी हल्ली एक प्लास्टिकची पिशवी असते, नाही का? रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, आणि तेही साऱ्या घरादाराचं! ती सांभाळायची कुणी? अर्थात तुम्ही. म्हणून सरकारी ओळखपत्राची चर्चा निघाली की ‘हा पुरुषांचा विषय’ म्हणून आत भाजी चिरायला जाऊ नका.

इंग्लंडच्या गृहिणी गेल्या नाहीत. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिथे घरोघर ओळखपत्रं दिली गेली. कारणं तीनच: सैन्यभरती, देशाची सुरक्षितता आणि रेशन. युद्ध १९४५ साली संपलं, कार्ड मात्र राहिलं. १९५० पर्यंत तब्बल ३९ सरकारी खाती त्या नोंदी वापरू लागली होती! बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आधी सुईदोरा ठेवावा, मग बटणं, मग किल्ल्या, मग औषधाच्या गोळ्या, तसलाच प्रकार.

त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या फिंचली भागात क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांची मोटार पोलिसाने अडवली आणि कार्ड मागितलं. त्यांनी साफ नकार दिला. वरच्या कोर्टातही ते हरले. पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांचेही कान उपटले. लढाईसाठी केलेला कायदा असा ऊठसूट वापरला, तर सरळमार्गी माणसंही पोलिसांवर चिडतील, असं त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये ‘ब्रिटिश हाऊसवाइव्ज लीग’च्या बायकांनी तर पार्लमेंटबाहेर कार्डं जाळायला काढली. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्ड रद्द झालं. गंमत म्हणजे रेशन पुढे १९५४ पर्यंत चाललं. कार्डावाचून कुणाचं लोणी अडलं नाही!

पुढे तिथे पुन्हा तोच घाट घातला गेला. २००४ च्या एका पाहणीत दहातले आठजण ‘कार्ड हवं’ म्हणाले. २००६ मध्ये कायदा झाला. पण कार्डाला ३० पौंड मोजायचे, शिवाय सगळी माहिती एका जागी साठणार, हे कळत गेलं तशी हौस ओसरली. २०१० मध्ये नव्या सरकारने योजना मोडीत काढली. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परतही मिळाले नाहीत. लोकमत हे असं असतं बरं का! ‘साडी आवडली का?’ म्हटलं की सगळ्या माना डोलावतात. किंमत सांगितली की खरं मत कळतं.

आता आपल्याकडे या. पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. संसदेचा आधार कायदा झाला २०१६ मध्ये! म्हणजे आधी बारसं, मग लग्न. आपल्याला कुणी विचारलंच नाही म्हणा ना. तरी आधाराचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. ज्या बाईजवळ ना शाळेचा दाखला, ना घराचा कागद, तिच्या हाती स्वतःच्या नावाचं काहीतरी आलं, हे थोडं नव्हे.

पण ते कुठे लागतं आणि कुठे नाही, एवढं पक्कं ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला: सरकारी अनुदानासाठी आणि पॅनसाठी आधार मागता येईल, पण बँकेत खातं उघडायला, मोबाईलच्या सिमकार्डाला किंवा मुलांच्या शाळाप्रवेशाला त्याची सक्ती करता येणार नाही. मुख्य म्हणजे, भांडी घासून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातलं यंत्र ठसा ओळखत नाही. तेवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही, अशा सूचना केंद्राने २०१७ मध्येच दिल्या आहेत. दुकानदार ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला तर तिथून हलू नका. शेजारच्या म्हाताऱ्या आजींसोबत तर जाच!

झेरॉक्स देताना तिच्यावर काम आणि तारीख लिहून आडवी सही करा. ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तसली आधारची प्रतही मिळते. लॉजवाल्याला आणि सोसायटीच्या ऑफिसात तीच द्या. आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही हो! बदलायचंच असेल तर आधार, पॅन आणि बँक, तिन्हीकडे एकदमच बदला.