खेळाडूंनी उघडलेली दारे

खेळाडूने खेळावे, राजकारणात पडू नये, असे सांगणारे लोक सर्वत्र असतात. २०१८ साली येथील एका दूरचित्रवाणी निवेदिकेने बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांना तोंड मिटून चेंडू खेळवण्याचा सल्ला दिला होता. जेम्स यांनी तो मानला नाही. जून २०२० मध्ये त्यांनी इतर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या साहाय्याने ‘मोअर दॅन अ व्होट’ ही संस्था उभी केली. त्या वर्षी खेळाडूंनी जे काम केले, त्यातून आपल्या समाजानेही काही घ्यावे, असे आम्हांस वाटते.

‘मतदान करा’ असे सांगणे सोपे आहे. भारतातही निवडणूक आयोग ते खेळाडूंच्या तोंडून सांगवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांची आयोगाने याच कामासाठी निवड केली. पण भारतात मतदानाच्या दिवशी पगारी सुटी असते. अमेरिकेत १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातला मंगळवार ठरवून दिला आहे आणि त्या दिवशी देशभर सुटी नाही. ज्याची मजुरी तासावर ठरते, त्याला चार तास रांगेत उभे राहणे म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. अशा माणसाला उपदेश करून काय उपयोग? त्याची रांग लहान केली पाहिजे.

खेळाडूंनी हे नेमके ओळखले. ९ जून २०२० रोजी जॉर्जियातील प्राथमिक निवडणुकीत अटलांटा परिसरातील मतदार तासन्‌तास ताटकळले. करोनामुळे केंद्रांवर काम करायला माणसे मिळत नव्हती. तेव्हा अटलांटा हॉक्स संघाचे प्रचंड क्रीडागृह मतदानासाठी खुले झाले. जेम्स यांच्या संस्थेने मतदान केंद्रांसाठी तरुण कार्यकर्ते मिळवण्याची मोहीम हाती घेतली.

ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणावर गोळ्या झाडल्या. २६ ऑगस्टला मिलवॉकी बक्स संघाने खेळण्यास नकार दिला आणि इतर संघही थांबले. दोन दिवसांनी समझोता झाला, त्यात खेळाडूंनी पगारवाढ मागितली नव्हती. ज्या संघमालकांची स्वतःची क्रीडागृहे आहेत, त्यांनी ती स्थानिक अधिकाऱ्यांच्या मदतीने मतदानासाठी द्यावीत, ही त्यातली एक मुख्य अट होती. गंमत अशी, की खुद्द मिलवॉकीच्या क्रीडागृहात कायदेशीर हरकतींच्या भीतीने मतदान होऊ शकले नाही. दार उघडणे किती अवघड असते, ते यावरून दिसते.

फ्लोरिडात तर दाराशी पैसेच मागितले जात होते. शिक्षा भोगून आलेल्या बहुतेक कैद्यांना मताचा हक्क परत द्यावा, असा कौल तेथील जनतेने २०१८ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अट घातली, की आधी दंड व कोर्टखर्च भरा. तो भरण्यासाठी जेम्स यांच्या संस्थेने एक लाख डॉलर दिले.

यात पक्षीय रंग होता, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. अटलांटा ड्रीम संघाच्या महिला खेळाडूंनी एका उमेदवाराच्या नावाचे सदरे उघडपणे घातले, आणि तेही आपल्याच संघाच्या एका मालकिणीविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवाराच्या. नागरिक म्हणून तो त्यांचा अधिकार होता, पण तो प्रचार होता. क्रीडागृह उघडण्याची गोष्ट वेगळी. तेथे येणारा मतदार कोणाला मत देणार, हे कोणी विचारीत नाही. रांग लहान झाली की ती सर्वांसाठीच लहान होते.

आता आपल्याकडे पाहू. शिकागोच्या कुक परगण्यात हिंदीतून आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीतून मतपत्रिका मिळते. ही सोय मतदान हक्क कायद्यातल्या १९७५ च्या दुरुस्तीमुळे झाली. मूळ कायदा १९६५ चा, आणि त्यासाठी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी लाठ्या खाल्ल्या, प्राणही दिले. आपण मात्र नागरिकत्वाची शपथ घेतो, ध्वजाबरोबर छायाचित्र काढतो आणि पुढे शाळामंडळाच्या निवडणुकीची तारीखही आपल्याला ठाऊक नसते. क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी रात्र जागवणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी वेळ नाही म्हणणे शोभत नाही.

क्रीडागृह आपल्यापाशी नाही, पण मोटार आहे, दोन भाषा आहेत आणि मंडळाचे सभागृहही आहे. जे नागरिक आहेत, त्यांनी एक दिवस मतदान केंद्रावर काम करण्यासाठी नाव द्यावे. जे अद्याप नागरिक नाहीत, त्यांना मत देता येत नाही. पण शेजारच्या आजी-आजोबांना केंद्रापर्यंत सोडता येते. मंडळांनी गणेशोत्सवाच्या मांडवात नावनोंदणीची माहिती देणारे एक टेबल मांडावे. इतरांनी उघडलेल्या दारातून आपण आत आलो. आता मागून येणाऱ्यासाठी ते धरून ठेवणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.