लेकराला रांगायला जागा द्या

आपल्या वस्तीतल्या एखाद्या घरात भर दुपारी डोकावून पाहा. दहा बाय दहाची खोली. एका भिंतीला पलंग, दुसरीला कपाट, कोपऱ्यात गॅस, दाराशी पाण्याचा पिंप. उरलेल्या जागेत पाच-सहा माणसांचा वावर. या घरातले सात-आठ महिन्यांचे लेकरू कुठे असते? झोळीत, आजीच्या मांडीवर, थोरल्या बहिणीच्या कडेवर, नाहीतर वॉकरमध्ये. रडले की समोर मोबाईल. जमिनीवर मात्र ते क्वचितच असते.

यात आईचा दोष नाही. फरशी ओली, गॅस हाताशी, दाराबाहेर गटार, गल्लीतून मोटारसायकली. अशा ठिकाणी बाळाला खाली सोडायला कोण धजेल? म्हणूनच ही अडचण एकेका घरावर सोडून चालणार नाही. ती वस्तीने मिळून सोडवली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी जागा बऱ्याच वस्त्यांत आधीच उभी आहे.

आधी जमीन कशाला हवी ते समजून घेऊ. बाळाचे शरीर वरून खाली तयार होत जाते. आधी मान, मग खांदे, पाठ, कंबर आणि शेवटी पाय. पालथे पडून मान उचलताना पाठीला बळ येते. हातांवर भार घेताना खांदे आणि मनगटे घट्ट होतात. हे बळ कडेवर बसून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, जे बाळ अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे, आणि कोणत्याही बाळाला एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून किंवा अडकवून ठेवू नये. सुरुवात दोन-तीन मिनिटांनी करा, दिवसातून चार-पाच वेळा. मात्र शेजारी माणूस हवेच. झोपवताना बाळ उताणेच झोपवावे.

वडीलधारी माणसे म्हणतात, ‘आमची पोरे काय शिकवून रांगली?’ खरे आहे, नाही शिकवले. पण तेव्हा गावाकडे सारवलेली जमीन होती, अंगण होते, झाडाखाली वाकळ टाकली की दिवसभर लेकरू त्यावर लोळायचे. ते अंगण गावाकडेच राहिले. शहरातल्या खोलीत ते आपोआप मिळत नाही, ठरवून द्यावे लागते.

वॉकरचे तर कौतुकच फार. बारशाला भेट म्हणून येतो, हप्त्यावरही घेतला जातो. पण वॉकरने मूल लवकर चालते ही समजूत चुकीची आहे. त्यात मूल पायाच्या बोटांनी ढकलत जाते, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय ते क्षणात उंबऱ्यावरून पालथे होते किंवा गरम भांड्यापाशी पोचते. कॅनडाने 2004 साली वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. त्यापेक्षा पलंगाची कड धरून चालू द्या. त्याला एक पैसा लागत नाही.

मोबाईलचेही तसेच. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, असे हीच संघटना सांगते. पडद्यासमोर बसलेले मूल गप्प असते हे खरे, पण ते हलतही नाही. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून तीन तासांची हालचाल हवी.

आता हातांचे पाहू. आपल्या समाजाला शिक्षणाची ओढ आहे आणि ती असलीच पाहिजे. पण त्या ओढीने तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने गिरवून घेणे घाईचे आहे. अक्षर काढायला आधी बोटांत बळ लागते. ते कणकेचा गोळा मळण्यातून, जुना कागद फाडण्यातून, कपड्यांचे चिमटे दोरीला लावण्यातून, वाटीवर झाकण बसवण्यातून येते. वर्षाच्या बाळासमोर मऊ भाताची शिते ठेवा, ते चिमटीने उचलून खाईल. चिमटीची हीच पकड पुढे पेन्सिल धरते. शेंगदाणे, फुटाणे, बटणे मात्र लहान मुलाच्या हाताला लागू देऊ नका, ती घशात अडकतात. महागडी खेळणी नसली तरी बिघडत नाही. स्वयंपाकघरातली डबा-वाटी पुरते.

अंगात रक्त नसेल तर मूल खेळत नाही, एका जागी बसून राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे औषध आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. ते मागून घ्या. सोबत नाचणी, हिरव्या पालेभाज्या, डाळ, अंडे आणि सकाळचे ऊन.

मूल कधी चालावे याची घाई नको आणि बेफिकिरीही नको. भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत कुणी आठव्या महिन्यानंतर लगेच चालू लागले, तर कुणाला साडेसतरा महिने लागले. दोन्ही निरोगीच. काही मुले हातागुडघ्यांवर न रांगताच उभी राहिली. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. पण चार महिन्यांत मान धरत नसेल, नऊ महिने उलटले तरी आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाला स्वतःच्या पायाने चालत नसेल, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटत असेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, किंवा येत असलेली गोष्ट येईनाशी झाली असेल, तर थांबू नका. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे महिने मूळ तारखेपासून मोजा. ‘आमच्या घराण्यात उशिराच चालतात’ या एका वाक्याने लेकराची महत्त्वाची वर्षे निघून जातात. अंगारा-धुपारा करण्यातही तोच वेळ जातो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि विकासात मागे पडणाऱ्या मुलांना पुढच्या उपचारासाठी मोफत पाठवले जाते. पथक येण्याची तारीख अंगणवाडीताईंना विचारा आणि त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आता जागेचे. आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्धविहार आहे. वर्गणी काढून, श्रमदानाने आपण तो उभारला. स्वच्छ फरशी, पंखा, उजेड, सारे आहे. पण रविवारची वंदना, पौर्णिमा आणि जयंती सोडली तर अनेक विहारांना आठवडाभर कुलूप असते. रोज सकाळी दहा ते बारा हे कुलूप उघडावे. दोन सतरंज्या, चार डबे-वाट्या आणि पाळीने बसणाऱ्या दोन बाया, एवढ्यावर काम भागते. घरी असलेल्या आज्या नातवंडांना घेऊन येतील. आठवड्यातून एकदा आशाताईंना बोलवावे.

काहीजण म्हणतील, विहार वंदनेसाठी आहे, लेकरे घाण करतील. फरशी पुसता येते. जिथे उद्याची पिढी पावले टाकायला शिकते ती जागा त्याने विटाळत नाही. विटाळ मानणे तर आपण सोडून दिले आहे.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधान परिषदेत कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज कायद्यात 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण आपल्या वस्तीतून चार घरची धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. ती महिन्या-दीड महिन्यात कामावर परतते. तिच्यासाठी पाळणाघराची मागणी नगरसेवकाकडे लावून धरलीच पाहिजे. पण पाळणाघर मंजूर होईपर्यंत आज रांगणारे लेकरू शाळेत जायला लागेल.

म्हणून येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा. महिला मंडळाने हा विषय विहार समितीपुढे मांडावा, किल्ली कोणाकडे राहील आणि पहिल्या आठवड्याची पाळी कोणाची हे तिथेच लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी अंथरावी.